घाट कमिटीतला आमदार

"कोण गेलं का रं गावात?"

कुठल्याही गावात शिरला की त्याचा पहिला प्रश्न हा असायचा. पाऊसपाणी नाही, पीकपाणी नाही, बायकापोरं बरी आहेत का तेही नाही. एसटीतून उतरायचं, धोतराचा सोगा झटकायचा, टोपी काढून डोक्यावरून एकदा हात फिरवायचा आणि जो पहिला दिसेल त्याला विचारायचं, कोण गेलं का. दुसऱ्या कुणी असं विचारलं असतं तर लोकांनी त्याला वेशीबाहेर काढलं असतं. याला मात्र लोक मनापासून माहिती द्यायचे.

"व्हय आण्णा, मळ्यातलं तात्या गेलं. गुरुवारी दहावा हाय."

"येतो," तो म्हणायचा.

आणि खरोखरच यायचा. तीच तर पंचाईत होती.

असा माणूस तुमच्याही पाहण्यात आला असेल. म्हणजे दिसायला काही नाही, बोलायला काही नाही, शिक्षण बेताचं, आणि तरी लोक त्याच्याभोवती गोळा होतात. आपण बाजूला उभं राहून विचार करत बसतो की याच्यात असं आहे तरी काय. मी हा विचार जवळजवळ आयुष्यभर केला. मला त्याचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे मी त्याच्याविषयी काही वाकडं लिहिलं तर तुम्हाला ते सरळ करून घेता येईल.

आम्ही बारामतीच्या शाळेत एका बाकावर होतो. मी कळसचा. गावी आमची पाटाखालची जमीन होती, वडील वांगी, मिरची, कांदा आणि थोडा ऊस काढायचे, आणि मला शिकायला बारामतीत ठेवलं होतं. तो बारामतीचाच. मी पुढे पुण्याला जाऊन वकील झालो. तो मॅट्रिकला अडकला आणि मामाच्या गुळाच्या अडतीवर बसला. मी बारामतीच्या कोर्टात काळा कोट घालून जायला लागलो तेव्हा हा ढेपांच्या थप्पीला टेकून शेतकऱ्यांशी गप्पा मारत असायचा. गुळावरच्या माश्या त्याच्या टोपीवर बसायच्या. त्या काळात मला त्याचा अजिबात हेवा वाटत नव्हता, उलट कीव यायची. ते दिवस सुखाचे होते.

सगळे त्याला अण्णा म्हणायचे. म्हातारेकोतारेसुद्धा. मी कधी म्हटलं नाही. माझ्या बाकावरच्या पोराला मी अण्णा कशाला म्हणू? मी त्याला "अरे" म्हणायचो आणि तो मला "वकील" म्हणायचा.

स्वराज्यानंतरच्या पालिकेच्या निवडणुकीत आम्ही दोघेही निवडून आलो. मी भाषणांवर आलो. तो कशावर आला ते मला तेव्हा कळलं नाही. पहिल्या बैठकीत कमिट्या वाटून घ्यायच्या होत्या. मी दिवाबत्ती घेतली. कुणी शाळा घेतल्या, कुणी बाजार घेतला. शेवटी घाट आणि स्मशान एवढं उरलं. ती कमिटी कुणालाच नको होती. अपशकुनी काम, आणि वर मान नाही की पान नाही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले तेव्हा मीच त्याचं नाव सुचवलं. सभागृहात हशा पिकला. तोही हसला.

"चांगलंय की," तो म्हणाला. "तितं समदीच येत्यात."

मला वाटलं, बिचारा स्वतःची समजूत घालतोय.

कऱ्हा नदीला वर्षातले बरेच महिने पाणी नसतं. घाटावर दहाव्याला आलेली माणसं उन्हात उभी राहायची आणि घरून घागरी घेऊन यायची. यानं आधी तिथं एक हौद बांधून घेतला, मग पत्र्याची शेड घातली. रोज सकाळी सायकलवरून तिथं जायचा. कुणाचा दहावा असो, ओळखीचा असो की नसो, हा शेडच्या कडेला टोपी हातात घेऊन उभा. आम्ही पालिकेत त्याची थट्टा करायचो. सभापती घाटावर आहेत, जिवंत माणसांनी भेटायचं असेल तर दुपारनंतर यावं, असं मी एकदा म्हणालो होतो. ते वाक्य मला स्वतःला फार आवडलं होतं.

दहाव्याला काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. पिंड मांडतात आणि सगळे जरा मागे सरून कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला की गेलेला माणूस समाधानानं गेला. नाही शिवला तर त्याचं काहीतरी मागं राहिलं. मग घरचे एकेक पुढे होतात आणि हात जोडून शब्द देतात, की आईला सांभाळू, बहिणीचं लग्न करून देऊ, भावाभावांत भांडणार नाही. कशानंच नाही शिवला तर गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि माणसं घरी जातात. पण ज्या घराला दर्भाचा कावळा लागला त्या घराविषयी गाव पुढे बराच काळ कुजबुजत राहतं.

तर एकदा कसब्यातल्या एका शिंप्याच्या आईचा दहावा होता. मीही गेलो होतो, कारण शिंपी माझा अशील. कावळे समोरच्या लिंबावर बसलेले आणि एकही खाली येईना. मुलांनी सगळे शब्द दिले. सुनांनी दिले. ऊन चढलं. तेव्हा हा शेडमधून पुढे आला, हात जोडले आणि म्हणाला, "मावशी, गल्लीच्या तोंडाला दिवा लावून देतो."

कावळा उतरला.

ती म्हातारी त्या अंधाऱ्या तोंडाशीच एकदा पडली होती आणि तेव्हापासून तिथं दिवा हवा म्हणून मागं लागली होती. कुणाच्या? तर माझ्या. दिवाबत्तीचा सभापती मी होतो. त्या गल्लीच्या अर्जाला मी वाटाण्याच्या अक्षता लावल्या होत्या, कारण गल्लीत घरं थोडी. आता मेलेल्या बाईला शब्द दिला गेला होता, आणि तोही चारचौघांत. दिवा मला लावावाच लागला. रॉकेलचा कंदील, नवा खांब, सगळं माझ्या कमिटीच्या खर्चातून, आणि त्या दिव्याला आजही लोक अण्णाचा दिवा म्हणतात.

असं पुढे होतच राहिलं. दहाव्याला पाहुणे कुठून कुठून येतात. अंथुर्णे, कळस, इंदापूर, पार भीमेच्या काठापासून. ती माणसं घाटावर पाणी प्यायची, सावलीला बसायची, हे प्रकार बघायची आणि गावी जाऊन सांगायची. बारामतीत एक माणूस आहे, त्याच्या शब्दाला कावळा उतरतो. मी तासतासभर भाषणं करत होतो आणि नाव त्याचं होत होतं.

माझी बायको एकदा म्हणाली, "त्यांचं नाव काढू नका म्हणता, आणि जेवायला बसल्यापासून दुसरं काही बोलत नाही." मी भाकरीचा तुकडा मोडला.

मग विधानसभेची पहिली मोठी निवडणूक आली. इंदापूरच्या बाजूची जागा आपलीच, याविषयी माझ्या मनात शंका नव्हती. गाव त्या बाजूला, वडिलांचा शब्द चार गावांत चालणारा, वकिली, भाषण. मी बंद गळ्याचा कोट शिवून घेतला. तिकीट ठरवणारी पुण्याची मंडळी इंदापूरच्या डाकबंगल्यावर उतरली होती. गावोगावचे कारभारी आले होते. मंडळींनी त्यांना विचारलं, तुमच्या गावात उठबस कुणाची? मी बाहेर व्हरांड्यात बसलो होतो आणि दार उघडं होतं. एकेक कारभारी आत जायचा आणि त्याचंच नाव सांगायचा.

तो तिथं तिकिटासाठी आलेलाही नव्हता. जवळच्या एका गावात दहाव्याला गेला होता. परत जाताना डाकबंगल्यापाशी गर्दी दिसली म्हणून थांबला. कुणीतरी त्याला हाताला धरून आत नेलं. ओल्या धोतरानं तो आत गेला आणि आमदारकीचा उमेदवार होऊन बाहेर आला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "वकील, भाषणं तू कर बाबा. मला येत न्हाय."

आणि मी केली! त्याचं मला अजून नवल वाटतं. गावोगाव मी त्याच्यासाठी बोललो. लोक माझ्या भाषणाला टाळ्या वाजवायचे आणि बघायचे मात्र शेजारी मान खाली घालून बसलेल्या त्याच्याकडे. तो निवडून आला.

मुंबईत विधानसभेत तो काय दिवे लावणार, अशी माझी एक शेवटची आशा होती. पहिल्या अधिवेशनात तो एकदाच उठला. कालव्याच्या पाण्याचा विषय होता. म्हणाला, "शेवटच्या टोकाला पाणी पोचत न्हाय. मंत्रीसाहेबांनी येऊन बघावं. जेवायची सोय आमच्याकडं." आणि खाली बसला. सभागृह हसलं. वर्तमानपत्रात कोपऱ्यात चार ओळी आल्या आणि मी त्या कोर्टातल्या वकिलांना वाचून दाखवल्या. पुढच्या उन्हाळ्यात मंत्री खरंच आले, पाटाच्या शेवटच्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि याच्या घरी पिठलं-भाकरी खाऊन गेले. त्या वर्षी टोकाला पाणी आलं. आमच्याही रानाला आलं. ते पाणी बघून मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही.

त्याच्या हातून चुका व्हायच्या, नाही असं नाही. पण चुकासुद्धा त्याच्या बाजूच्या असायच्या. अंथुर्ण्यात दोन घरांचं पाटाच्या पाण्यावरून वैर होतं. वरचं घर पाणी अडवायचं आणि खालच्या घराचं रान वाळायचं. दोन्ही घरांतले म्हातारे एकाच दिवशी गेले. दोघांचा दहावा एकाच सकाळी, नरसिंहपूरला संगमावर, थोड्या अंतरावर. हा उशिरा पोचला. दोन्हीकडे मुलांनी मुंडण केलेलं, सगळी डोकी सारखीच. हा घाईनं एका पिंडापुढे जाऊन उभा राहिला आणि हात जोडले. "तात्या, जीव आडकवू नका. खालच्या रानाचं पानी आता कुणी आडवणार न्हाय. हा माझा शबूद."

कावळा पटकन येऊन शिवला. थोरल्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"आण्णा, आवो, आमी वरचं!"

खालच्या घराच्या म्हाताऱ्याला द्यायचा शब्द त्यानं वरच्या घराच्या म्हाताऱ्याला देऊन टाकला होता. माझ्या हातून असं झालं असतं तर मी तिथून पळ काढला असता. त्यानं त्या मुलाकडे नीट बघितलं, टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाला, "मग तर बरंच झालं की. सोडायचं कुणी आस्तंय? वरच्यांनीच."

आता बापानं कावळ्याच्या रूपानं कबूल केलेली गोष्ट मुलं कशी मोडणार? वरच्या घरानं पाणी सोडलं. दोन्ही घरं आजही एकमेकांच्या लग्नाला जातात. वकील म्हणून मी त्या भांडणाचा दावा वर्षानुवर्षं चालवत होतो. तोही गेला.

पण हे सगळं मी एक वेळ सोसलं असतं. मला खरं लागायचं ते आमच्या आबांचं.

आबा म्हणजे माझे वडील. माझ्याशी त्यांचं बोलणं ठरलेलं. "कोर्ट कसं चाललंय?" "बरं चाललंय." "पोरं?" "बरी आहेत." संपलं. आणि हा कळसला आला की आबा बांधावर बसून त्याच्याशी गप्पा मारायचे, त्याला हिरव्या मिरचीचा ठेचा आणि गरम भाकरी खायला घालायचे, मांडीवर थापा मारून हसायचे. माझ्या वडिलांना एवढं मोठ्यानं हसता येतं हे मला त्याच्यामुळे कळलं. एकदा मी अचानक रानात गेलो तर दोघं वांग्याच्या सरीत उकिडवे बसून काहीतरी बोलत होते. मला बघून गप्प झाले.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"काय न्हाय," आबा म्हणाले. "वांग्याला कीड पडलीय."

मी परत आलो, पण ते गप्प होणं माझ्या मनातून गेलं नाही. माझ्या बापानं मला न सांगितलेलं काहीतरी याला सांगितलंय, असं मला वाटत राहिलं. दुसऱ्याची आमदारकी दूर असते, ती वर्तमानपत्रात असते. बाप मात्र घरातला असतो.

त्याची आमदारकी संपत आली होती, पुढच्या निवडणुकीची कुजबुज सुरू झाली होती, आणि आबा गेले. दोन दिवस ताप आला आणि गेले. काही सांगायला, विचारायला वेळच मिळाला नाही.

दहावा नरसिंहपूरला केला. भीमा आणि नीरा भेटतात तिथं वाळूवर पिंड मांडला. आमच्या भागातली सगळी माणसं आली होती. तोही होता, मागे एका झाडाखाली, टोपी हातात घेऊन. पलीकडच्या चिंचेवर कावळेच कावळे बसले होते.

एकही हलेना.

मी पुढे झालो. "आबा, आईला बारामतीला नेतो, काही कमी पडू देणार नाही." कावळे गप्प. "धाकटीचं लग्न या उन्हाळ्यात करतो." गप्प. "जमीन विकणार नाही." "मळ्यातल्या गड्याला काढणार नाही." मला आठवेल ते सगळं मी सांगितलं. कोर्टात कधी माझी जीभ अडखळली नव्हती, ती तिथं अडखळायला लागली. मुंडण केलेल्या डोक्यावर ऊन तापत होतं. मागं कुजबुज सुरू झाली. "वकिलानं म्हाताऱ्याला कशात तरी दुखवलंय," कुणीतरी म्हणालं, आणि ते मला ऐकू यावं अशा बेतानंच म्हणालं.

मला रडायला येत होतं आणि त्याच वेळी रागही येत होता. आबांना काय हवं होतं ते मला माहीत नाही, हे सगळ्या गावांना दिसत होतं. आणि ज्याला माहीत असणार, तो मागं झाडाखाली उभा होता.

"आण्णा, तुमी बोला की आता," एक म्हातारा म्हणाला.

"घरच्यांनी बोलावं," तो म्हणाला. जागचा हलला नाही.

गुरुजींनी शेवटी दर्भ हातात घेतला आणि गाठ मारायला लागले. मी मान खाली घातली. तेव्हा वाळूवर त्याची पावलं ऐकू आली. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्यानं पिंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग हात जोडले.

"आबा," तो म्हणाला, "पुढच्या येळंला म्या उभा राहत न्हाय. तुमचा ल्योक उभा राहील. त्याला आमदार करूनच मी गप बसंन."

चिंचेवरनं एक कावळा उठला, वाळूवर उतरला, दोन उड्या मारून पुढे आला आणि पिंडाला चोच लावली.

माणसांनी सुस्कारा सोडला. आई रडायला लागली. सगळे माझ्याकडे वळले, माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागले. माझ्या मनात काय आलं असेल? समाधान? नाही. माझ्या मनात आलं, म्हणजे आबांची ही इच्छा होती. मी आमदार व्हावं असं त्यांना वाटत होतं. आणि हे त्यांनी मला सांगितलं नाही, याला सांगितलं.

त्यानं शब्द पाळला. पाळणार हे सगळ्यांना ठाऊकच होतं. पुण्याला जाऊन त्यानं मंडळींना सांगितलं की मी उभा राहणार नाही, वकिलाला तिकीट द्या. मंडळी म्हणाली, वेड लागलंय का, तुझी जागा हमखास आहे. तो म्हणाला, मयताला शब्द दिलाय. त्यावर कोण काय बोलणार? तिकीट मला मिळालं.

प्रचाराला तो माझ्याबरोबर गावोगाव हिंडला. आता उलटं झालं होतं, उमेदवार मी आणि शेजारी बसायला तो. पण हार आणलेला माणूस सवयीनं त्याच्याच गळ्याकडे वळायचा. तो हार हातात झेलून माझ्या गळ्यात घालायचा. कळसमध्ये, माझ्या स्वतःच्या गावात, एका म्हातारीनं मला विचारलं, "तू कोन रं बाबा? आण्णा कुटं हाय?" लोक मला मत देणार होते, यात मला शंका नव्हती. पण ते मत त्याच्या शब्दाला होतं, मला नव्हतं. मी निवडून आलो त्या दिवशी गुलाल माझ्या अंगावर पडला आणि लोक त्याच्या पाया पडले.

निकालानंतर चार दिवस गेले तरी मला चैन पडेना. जे हवं होतं ते हातात होतं, आणि तरी ते दुसऱ्यानं उचलून दिल्यासारखं वाटत होतं. शेवटी मी पेढ्याचा पुडा घेतला आणि त्याच्या अडतीवर गेलो. तो पुन्हा मामाच्या गादीवर बसायला लागला होता. बाजाराचा दिवस होता. गाड्या सुटल्या होत्या, ढेपा उतरत होत्या, माश्या घोंगावत होत्या. मला बघून त्यानं ढेपांच्या थप्पीपाशी जागा करून दिली.

"बस, आमदार," तो म्हणाला. वकील म्हणाला नाही.

मी पुडा ठेवला आणि ज्यासाठी आलो होतो ते विचारलं.

"आबा तुला कधी बोलले?"

"काय?"

"मी आमदार व्हावं म्हणून. कधी बोलले? त्या दिवशी वांग्यात बसला होतात तेव्हा?"

त्यानं पेढा मोडून अर्धा तोंडात टाकला. "त्या दिवशी व्हय? त्या दिवशी वांग्याचंच बोलत हुतो. लई कीड पडली हुती."

"मग कधी?"

"कंदीच न्हाय. आबा तसलं काय बोललंच न्हाईत. त्यास्नी राजकारण आवडायचं न्हाय. मला म्हनायचं, तू बी सोड ही थेरं."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. "मग तू त्या पिंडापुढे..."

"आरं, मेलेल्या मानसाच्या मनात काय आसतंय, ते मला कुठनं कळायचं?" तो म्हणाला. "म्या काय देवऋषी हाय का? म्या आपला जी मागं राहिल्यात त्यांच्या तोंडाकडं बघतो. शिंप्याच्या घरची सारखी तुझ्याकडं बघत हुती, दिवाबत्तीच्या सभापतीकडं. म्हनून दिवा. समजलं? तितं वाळूत तू हुतास. तुझ्या तोंडाकडं बघितलं. आबांचं काय राहिलं न्हवतं रं. तुझं राहिलं हुतं. पयल्या निवडणुकीपासनं तुझं तोंड बघतोय मी. डाकबंगल्याच्या व्हरांड्यात बसला हुतास तवापासनं."



"आणि कावळा?" मी कसंबसं विचारलं.

"उशीर लई झाला हुता," तो म्हणाला. "भूक लागली आसंल त्याला."

आणि हसला. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार? इतकी वर्षं मी मनातलं दडवून ठेवलंय असं समजत होतो, भाषणात हसत होतो, त्याच्या गळ्यात हात घालत होतो, आणि हा माणूस सगळं वाचून बसला होता. वाचून त्यानं आपली आमदारकी काढून माझ्या हातात दिली होती, आणि वर माझ्या बापाचं नाव पुढे केलं होतं, म्हणजे मला ती घ्यायला लाज वाटू नये. याच्यापुढे आता माणसानं हेवा तरी कसा करायचा?

मला घ्यायला जीप येणार होती. पुण्याला मंडळींना भेटायला जायचं होतं. जीपचा भोंगा वाजला तसा मी उठलो. त्याला काहीतरी म्हणावं असं फार वाटत होतं, पण तेवढ्यात अंथुर्ण्याची एक गाडी येऊन लागली आणि तो उठून तिकडे गेला. पुढे मी मुंबईला गेलो, अधिवेशनं आली, दौरे आले, भेटीगाठी कमी झाल्या, आणि एका हिवाळ्यात तो गेल्याची तार मला मुंबईतच मिळाली. त्याच्याविषयी विचार करायला लागलो की मला अजून तो बाजाराचा दिवसच आठवतो.

जीपमध्ये बसताना मी मागं वळून बघितलं. माझ्या गळ्यात कुणीतरी घातलेला हार होता. गाडीवाला शेतकरी ढेपा उतरवून टॉवेलनं मान पुसत काहीतरी सांगत होता. फार काही सांगण्यासारखं नसावं, बैलाचं असेल नाहीतर भावाचं. तो त्याच्यासमोर उभा होता, टोपी हातात घेऊन, आणि त्या माणसाच्या तोंडाकडे बघत होता. जीप सुरू झाली, आणि मला त्या शेतकऱ्याचा हेवा वाटला.